बोट न लावायचा फळा

“बोट लावू नका!”

नेसरीकर सर माझ्या मागून एवढ्या जोरात ओरडले की माझ्या हातातली पर्स खाली पडली. आणि मी बोट लावलंही नव्हतं. फळ्यावर एक जुना पलंगपोस पांघरलेला होता, त्याचा कोपरा उचलून आत काय आहे ते नुसतं बघत होते.

“सर, हा टच बोर्डच आहे ना?” मी विचारलं.

“हो तर.”

“मग टच न करता वापरायचा कसा?”

“असा,” म्हणत त्यांनी कपाटामागून एक लांब छडी काढली. छडीच्या टोकाला मऊ फडकं गुंडाळून दोऱ्यानं करकचून बांधलेलं होतं. “लांबनं, हळू आणि मी समोर असताना. आणि ह्या उजव्या कडेला तर फिरकायचंच न्हाई. कळलं?”

कळलं काय, कपाळ! पण मी मान डोलावली. मी बी.एड.ची विद्यार्थिनी होते आणि त्या शाळेत महिनाभर शिकवायला आले होते. आमच्या कॉलेजात त्याला छात्रसेवाकाल म्हणत. छात्रसेवाकालातल्या शिक्षिकेनं मान डोलवायची असते, एवढं एव्हाना मला चांगलं कळलेलं होतं.

आजऱ्याच्या पलीकडचं वाघदरे हे ते गाव. मला तिथं जायचं कारण एकच होतं, त्या शाळेत असला फळा होता. आमच्या अभ्यासक्रमात एक पाठ तंत्रज्ञान वापरून घ्यावा लागे. माझा तो पाठ कॉलेजच्या गावी एकदा होऊन गेला होता. म्हणजे झालाच नव्हता. रात्रंदिवस खपून केलेल्या स्लाइड मी पेनड्राइव्हमध्ये घालून नेल्या, तिथल्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला, आणि व्हायरसनं माझ्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकले. उघडेल तर शपथ! परीक्षक आळतेकर बाईंनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि नापास करून टाकलं. आता त्यांच्याच समोर हा दुसरा पाठ होता. ह्यातही नापास झाले असते तर अख्खं वर्ष वाया गेलं असतं. जूनपासून गडहिंग्लजच्या एका शाळेत मला जागा मिळायची होती, पण पदवी हातात असली तरच. बाबांनी त्या जागेसाठी कितीजणांचे उंबरे झिजवले होते ते मला ठाऊक होतं.

आणि हे सगळं ज्या फळ्यावर अवलंबून, त्याला बोट लावायचं नाही.

नेसरीकर सर शास्त्राचे शिक्षक, निवृत्तीला टेकलेले. सगळा तालुका त्यांना ओळखायचा तो मात्र शाळेबाहेरच्या कामामुळे. गावोगावी जाऊन ते चमत्कारांचे प्रयोग करून दाखवत. लिंबातून रक्त काढत, जिभेवर पेटता कापूर ठेवत, आणि मग त्यामागचं शास्त्र समजावून सांगत. अंगात येणाऱ्या बायका आणि गंडेदोरे देणारे बाबा त्यांचं नाव काढलं की बोटं मोडायचे. वर्गात त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, “कारणाशिवाय काही घडत न्हाई. कारण शोधा!” ते म्हणताना ते टेबलावर असा काही हात आपटत की पहिल्या बाकावरची मुलं दचकायची.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला वर्गासमोर उभं केलं होतं.

“नाव काय आपलं?”

“सारिका गुरव.”

“गुरव? म्हणजे देवळातले?”

“वडील गावच्या देवळात पूजा करतात.”

“करू देत, करू देत. इथं मात्र घंटा एकच. ती पण मधल्या सुट्टीची.”

वर्ग खदखदून हसला. मीही हसले, दात ओठ खात. पुढे महिनाभर हाच विनोद ते माझ्यावर करत राहिले. मी तासाला एक मिनिट लवकर आले तर “काकड आरती आटपून आला वाटतं”, उशीर झाला तर “नैवेद्य राहिला होता काय?” मी काही कपाळभर कुंकू लावून हिंडत नव्हते. पण सरांना एकदा गंमत सापडली की ती सोडवत नसे.

फळ्याची हकिकत मला सातवीतल्या प्राजक्ता होडगेनं सांगितली. ही मुलगी पहिल्या बाकावर बसायची आणि विचारल्याशिवायच सगळं सांगायची.

“बाई, ह्यो दुसरा फळा हाय. पैला जळला.”

“जळला? कसा?”

“करंट जास्त आला न् आतनं धूर निघाला. गावातली मान्सं म्हणाली, सर देवाची टिंगल करत्यात म्हणून जळला. मग सर चावडीवर जाऊन भांडलं. लई भांडलं. ह्यो दुसरा मुंबैकर मंडळानं दिला. पर त्यांनी सांगितलंय, आता ह्यो जळला तर परत मागू नगा.”

तेव्हा मला सरांची जरा दया आली होती. ती दया फार टिकली नाही. कारण मी सरावासाठी एक तास मागितला की ते म्हणत “उद्या बघू”, उद्या गेलं की म्हणत “रविवारी या”, आणि रविवारी मी एस.टी.नं धक्के खात आले तर म्हणाले, “अरेच्चा, किल्ली घरात राहिली की.” त्यांचं घर शाळेला लागूनच होतं. मी परतीच्या गाडीची वाट बघत बसले. रडायला येत होतं, पण रडायचा सुद्धा वैताग आला होता.

शेवटी मी घरच्या लोखंडी कपाटाच्या दारावर खडूनं फळ्याची सगळी बटणं काढली आणि त्याच्यावर सराव करू लागले. इथं पेन, इथं खोडरबर, इथं पान उलटायचं. आई बिचारी दारात उभी राहून बघायची आणि काही न विचारता निघून जायची. फळ्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक मात्र सरांनी मला घरी नेऊ दिलं. त्याला बोट लावायला त्यांची हरकत नव्हती! मग मी ते इतक्यांदा वाचलं की फळ्याच्या आत काय काय असतं ते मला पाठ झालं. फळा कसा चालतो हे मला येत होतं, फळा चालवता येत नव्हता.

एकदा त्यांच्या देखरेखीखाली, छडीनं, थोडा वेळ सराव झाला. फळा शहाण्यासारखा वागला. जाता जाता मी म्हटलं, “सर, कडांना धूळ बसलीय. ओल्या फडक्यानं पुसून घेऊ?”

“पुसायचं न्हाई!” सर एकदम लालबुंद झाले.

“अहो, धूळच आहे.”

“नाजूक असतं ते. पुसायचं न्हाई म्हटलं की न्हाई.” आणि त्यांनी घाईघाईनं पलंगपोस ओढला.

आता मात्र माझं डोकं फिरलं. “सर, एक सांगून ठेवते. पाठाच्या दिवशी मी ती छडी हातात घेणार नाही. आळतेकर बाई हसतील मला. नापास मी होणार आहे, तुम्ही नाही.”

सरांनी छडी पुन्हा कपाटामागे ठेवली. मला वाटलं, आता पाठच रद्द करतात. पण ते हळूच म्हणाले, “लावा बोट. पण उजवीकडं नको.”

पाठाचा दिवस फेब्रुवारीतला. दुपारचा तास. आळतेकर बाई घाम पुसत आल्या, सर्वांत मागच्या बाकावर सरांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “काय उकडतंय हो इथं! पंखा नाही का?” पंखा फळ्याच्या बरोबर वर होता. सरांनी उठून तो लावला.

माझा विषय होता प्रकाश आणि सावली. प्रस्तावनेचे प्रश्न छान झाले. हेतुकथन झालं, म्हणजे ‘आज आपण सावली कशी पडते ते पाहणार आहोत’ हे मी फळ्यावर लिहिलं. बोटानं! अक्षरं कशी झरझर उमटली. मुलं डोळे विस्फारून बघत होती. मी मेणबत्ती काढली, चेंडू काढला, आणि मेणबत्तीकडून चेंडूकडे प्रकाशाचा किरण ओढला.

खाली आणखी एक किरण आपोआप उमटला.

मी तो खोडला. पुन्हा ओढला. पुन्हा खाली दुसरा. मग मी बोट लावलेलंही नसताना पान उलटलं, पुन्हा मागे आलं, आणि कुठूनसा एक भलामोठा त्रिकोण माझ्या मेणबत्तीवर येऊन बसला. मी तो काढायला गेले तर दोन झाले. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मागे आळतेकर बाईंचं पेन चालू लागल्याचं मला दिसत होतं.

“बाई, भूत!” कुणीतरी ओरडलं आणि वर्गात एकच गिल्ला झाला.

“कोण म्हणालं भूत?” सर ताडकन उभे राहिले. झालं! माझा पाठ, माझी परीक्षा, आणि हे आपले व्याख्यानाच्या पवित्र्यात. “इतकी वर्षं काय शिकवलं तुम्हांला? कारणाशिवाय काही घडत न्हाई. कारण शोधा!”

“सर, प्लीज,” मी म्हणाले. पण त्यांना कुठलं ऐकू जायला.

“शोधा म्हणतो ना!”

प्राजक्ता कधीच उठून फळ्याजवळ येऊन उभी राहिली होती. “बाई, बोट लावा परत. आता वर लावा. आता खाली लावा.” मीही लावत गेले. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. “बगा, तुमची रेघ कुठंबी असंना, ती दुसरी रेघ हितंच येतीया. ह्याच उंचीवर.”

आणि त्या गोंधळात मला ते पाठ झालेलं माहितीपुस्तक आठवलं. सावलीचाच तर पाठ होता! मी मुलांकडे वळले.

“ऐका. ह्या फळ्याच्या चारी कडांच्या आत बारीक बारीक दिवे असतात. त्यांचा प्रकाश आपल्याला दिसत नाही. तो ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ जातो. मध्ये माझं बोट आलं की काय होईल?”

“सावली पडंल!”

“कुठं?”

“पलीकडच्या कडंला!”

“त्या सावलीवरून फळ्याला कळतं, बोट कुठं आहे. मग मी बोट लावलेलं नाही तिथं रेघ येते, म्हणजे?”

मग प्राजक्ता म्हणाली, “म्हंजे आनि कशाची तरी सावली पडालीया.”

“शाबास. ती वस्तू कुठं शोधायची?”

“रेघंच्या उंचीवर. कडंला.”

आळतेकर बाईंचं पेन थांबलं होतं. त्या पुढे वाकून बघत होत्या. मला इतका आनंद झाला की काय सांगू! माझा पाठ चालला होता, कपाटाच्या दारावर कधी चालला नव्हता इतका सुरेख चालला होता.

“राहू दे आता,” मागून सरांचा आवाज आला. “तास संपत आला, गुरव बाई. फळा बंद करा.”

“सर, आत्ता तर तुम्हीच म्हणालात कारण शोधा.”

“नंतर शोधू. गरम झाला असंल. बंद करा.”

हा मनुष्य माझ्या मुळावर उठलाय, अशी माझी खात्री पटली. मी त्यांच्याकडे साफ दुर्लक्ष केलं. प्राजक्तानं तोवर उजव्या कडेला गाल टेकवून एक डोळा मिटला होता.

“सापडलं! हितं चौकटीच्या आत कायतरी लोंबालंय. पंख्याच्या वाऱ्यानं हलालंय. बाई, तांदूळ हाय!”

“तांदूळ?”

“व्हय. आनि आतनं कुकू लावलंय. वाळलेलं. हळद बी हाय. कुणीतरी पूजा केलीया.”

मी वाकून पाहिलं. चौकटीच्या आतल्या अंगाला, बाहेरून दिसू नये अशा बेतानं, कुंकवाचं बोट ओढलेलं होतं, आणि त्याच्या सुकलेल्या पोपड्याला एक अक्षत अडकून थरथरत होती.

“वा!” आळतेकर बाई हसल्या. “म्हणजे एवढ्या महागाच्या यंत्राला हळदकुंकू वाहिलं! गुरव, हे तुमचं काम का?”

“माझं? नाही, बाई.”

“नाही, घरची सवय असते एकेकाची. पाठ चांगला व्हावा म्हणून वाहिल्या असतील अक्षता. पण मग पाठ बिघडला तर त्याची जबाबदारीही तुमचीच. शास्त्राच्या शिक्षिकेनं निदान एवढं तरी...” आणि त्यांनी पेन पुन्हा उचललं.

माझी कानशिलं तापली. महिनाभर ऐकलेली काकड आरती आणि नैवेद्य सगळं डोक्यात घणघणू लागलं. मला ओरडून सांगायचं होतं की ह्या फळ्याला मला बोटसुद्धा लावू दिलेलं नाही, पुसू दिलेलं नाही, उजव्या बाजूला तर... आणि तिथं मी थांबले. उजव्या बाजूला. मी मागच्या बाकाकडे बघितलं.

नेसरीकर सर खाली बघत होते. वर्गातली मुलं माझ्याकडे बघत होती. त्यांच्या मनातही तेच असणार. गुरवाची पोरगी, दुसरं कोण? सरांनी नुसतं गप्प बसायचं होतं. मी नाव घेतलं असतं तरी कुणी विश्वास ठेवला नसता. सर आणि पूजा! तालुका हसला असता मला.

“लिहू नका, मॅडम,” सर उठून म्हणाले. “तो तांदूळ माझा हाय.”

आधी मुलं हसली. त्यांना वाटलं, नेहमीसारखी गंमत. मग हसू आपोआप विरलं.

“तुमी, सर?” प्राजक्ता म्हणाली. “तुमी तर म्हणतासा...”

“म्हणतो.”

“मग का केलासा?”

दोन्ही हातांनी त्यांनी बाकाची कड धरली होती.

“भीती वाटली,” ते म्हणाले. “पहिला जळला तेव्हा गाव म्हणालं, तुझ्यामुळं जळला. मी चावडीवर जाऊन सगळ्यांना वेड्यात काढलं. घरी आलो आणि रात्रभर झोप न्हाई. हा दुसरा आला. खंडेनवमीला जो तो आपल्या हत्याराची पूजा करतो. शाळेला सुट्टी होती. कुणी नव्हतं. मनात म्हटलं, कुणाला कळतंय? एक बोट कुंकू, दोन दाणे. न लावून जळला असता तर पोरांचा फळा गेला असता.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “गुरव बाईंचा काही संबंध न्हाई. त्यांना मी पुसू सुद्धा दिलं न्हाई. नुसता छळ केला.”

महिनाभर मी ह्या माणसाच्या नावानं मनात काय काय म्हटलं होतं! राग अजून गेलेला नव्हता. पण त्यांची दयाही येऊ लागली, आणि त्याचाही मला राग आला.

आळतेकर बाईंनी मला पास केलं, ते इथंच सांगून टाकते. शेऱ्यात लिहिलं, ‘वेळेचं नियोजन नाही. पाठ ठरल्याप्रमाणे झाला नाही. विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम.’ जूनमध्ये मी गडहिंग्लजला रुजू झाले. पण त्या क्षणी पास आणि नापास दोन्ही कुणाच्या ध्यानात नव्हतं. कारण प्राजक्ता रुमालाचा कोपरा ओला करून फळ्यापाशी तशीच उभी होती.

“सर,” तिनं विचारलं, “मग आता हे पुसू का नगो?”

ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. पंखा फिरत होता. फळ्यावर एकेक रेघ आपोआप उमटत होती.

“पूस,” सर म्हणाले.

“आनि जळला तर?”

“जळला तर...” त्यांनी बाकाची कड सोडली. “जळला तर कारण शोधू.”

प्राजक्तानं पुसलं. अक्षत खाली पडली. तिनं रुमालाची लाल घडी करून खिशात घातली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी फळ्यावर मेणबत्तीपासून चेंडूपर्यंत बोट ओढलं. किरण उमटला. खाली काही आलं नाही. मी पुन्हा ओढलं. मुलं बाकांवर उभी राहून टाळ्या वाजवू लागली.

मी हसत हसत मागे वळले. नेसरीकर सर तसेच उभे होते. डोळे गच्च मिटलेले, आणि ओठ भराभरा हलत होते. काय पुटपुटत होते ते मी त्यांना कधीच विचारलं नाही.

“सर,” मी म्हणाले, “एकच रेघ आली. डोळे उघडा.”